‘पट्टा बांधला नव्हता’

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी अधूनमधून येते. मोबाइलच्या टॉवरवरून पडून तरुण ठार. वय बावीस-पंचवीस, गाव खानापूरकडचे नाही तर चंदगडकडचे, आणि शेवटी ठरलेले वाक्य: त्याने सुरक्षा पट्टा बांधला नव्हता. पुढे काही नसते. वाचणारा ‘पोराचंच चुकलं’ म्हणत पान उलटतो. माझे भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

हे वाक्य येते कुठून, ते आधी पाहा. मेलेला सांगायला येत नाही. वर त्याच्याबरोबर दुसरा गडी असलाच, तर तो बोलण्याच्या स्थितीत नसतो, आणि बोलला तर त्याचे उद्याचे काम जाते. बातमीदाराला ते ठाण्यातून मिळते आणि ठाण्याला ठेकेदाराच्या माणसाकडून. म्हणजे ज्याच्याकडे जाब मागायचा त्याचीच जबानी आपण निकाल समजून वाचतो.

माझी उभी नोकरी तारा आणि मनोरे यांच्या संगतीत गेली. म्हणून पट्टा म्हणजे काय हे थोडे खोलात सांगतो. त्यावाचून पुढचे कळायचे नाही. वाचकांनी एवढा तांत्रिक घास गोड मानून घ्यावा.

चाळीस मीटरच्या टॉवरवरून सुटलेला माणूस तीन सेकंद पुरे व्हायच्या आत जमिनीला भिडतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. हे टाळायला पूर्वी कमरेचा पट्टा असे. त्यात पडलेला माणूस कमरेत मोडल्यासारखा दुमडतो, सगळा झटका पोटावर येतो, आणि उलटा झाला तर पट्ट्यातून निसटतोही. अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून पडणे अडवण्याच्या कामी कमरपट्टा वापरायला बंदी घातली. त्याची जागा मांड्या, छाती आणि खांदे यांना धरणाऱ्या पूर्ण अंगाच्या पट्ट्याने, म्हणजे हार्नेसने घेतली. त्याची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध असते, म्हणजे माणूस पडला तरी उभाच लोंबतो. आमच्या भागात मात्र नुसता कमरपट्टा कसून वर निघालेला गडी मी अजूनही पाहतो.

पण हार्नेस अंगात घातला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे नाही. अंगातला हार्नेस हा निव्वळ एक अंगरखा आहे. त्याचा दोर लोखंडाला अडकला की तो पट्टा होतो. दोर कुठे अडकवला यावरही बरेच अवलंबून. पावणेदोन-दोन मीटरचा दोर डोक्यावरच्या आडव्या अँगलला अडकवला तर पडणे जेमतेम हातभर. तोच पायाशी अडकवला तर माणूस आधी दोराइतका खाली येतो आणि मग पुन्हा दोराइतका, म्हणजे सुमारे पावणेचार मीटर. मग झटका शोषणाऱ्या पट्टीची शिवण उसवते आणि तिची लांबी त्यात मिळते. सगळे धरून पायाखाली सहा मीटरच्या वर मोकळी जागा लागते. ती नसेल तर दोर ताणला जाण्याआधी जमीन येते. टॉवरच्या पहिल्या टप्प्यावर पडलेल्या माणसाने पट्टा ‘बांधलेला’ असूनही तो मरू शकतो, याचे कारण हे.

म्हणून दोर दोन असावे लागतात. एक हुक वर अडकल्यावाचून दुसरा सोडायचा नाही. चढताना, उतरताना, अँगलवरून पलीकडे पाय टाकताना, एका क्षणासाठीही माणूस मोकळा राहता कामा नये. सगळे शास्त्र एवढेच आहे आणि ते समजायला अर्धा तास पुरतो. पाळायला मात्र रोजचा वेळ लागतो. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

हिशेब करून पाहा. चाळीस मीटर चढण, दर मीटरला हुक बदलायचा, प्रत्येक बदलाला दहा सेकंद. वर जाताना सात मिनिटे, खाली येताना सात. दिवसातून तीन फेऱ्या झाल्या तर पाऊण तास. शिडीला लागून पोलादी दोर कायमचा बसवला आणि त्यावर सरकणारी पकड दिली, तर हा वेळ जवळजवळ वाचतो. पण तो दोर बसवायला आणि जपायला पैसे पडतात. म्हणजे पाऊण तासाची मजुरी द्या, नाही तर दोराचे पैसे द्या. दोन्ही द्यायचे नसतील तर तिसरा मार्ग पोराच्या जिवावरचा. त्याच मार्गाने काम चालते.

एका गड्याला मी विचारले, दोन हुक असताना एकच का लावतोस? तो म्हणाला, “काका, एक सोड एक लाव करत बसलो तर दिवसात एकच साइट होतंय. मालकाला दोन पायजेत. पगार साइटवर हाय, दिवसावर न्हाई.” यात निष्काळजीपणा कुठे आहे ते मला कोणी दाखवावे. तो अगदी काळजीपूर्वक हिशेब करतो आहे. फक्त हिशेबाची पाटी दुसऱ्याने लिहून दिलेली आहे.

आणि त्या दुसऱ्याची सोय पाहा. चढण्याआधी हेल्मेट आणि हार्नेस घालून फोटो काढायचा, तो मोबाइलवरून पाठवायचा, मग वर जाण्याची परवानगी येते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हा फोटो कशाचा पुरावा, तर पट्टा दिला होता याचा. वर डोक्यावर हुक अडकवायला जागा होती का, दोर दोन होते का, वारा किती होता, खाली कोण थांबले होते, यातले एकही त्या फोटोत दिसत नाही. तो फोटो गड्याच्या रक्षणाला नाही, साहेबाच्या फायलीला लागतो.

‘आपल्याकडे हे असेच चालायचे’ म्हणणाऱ्यांसाठी परदेशचा दाखला देतो. अमेरिकेत २०१३ साली टॉवरच्या कामात १३ माणसे गेली आणि २०१४ साली १२. २०१४च्या फेब्रुवारीत तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचे प्रमुख डेव्हिड मायकेल्स यांनी या धंद्यातल्या लोकांना पत्र लिहून जाब विचारला. त्याआधी, २०१२ मध्ये, तिथल्या शोधपत्रकारांनी ही साखळी उलगडून दाखवली होती: वर मोठी कंपनी, तिच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, आणि तळाला टॉवरवर चढणारा. मोबाइलची नवी पिढी आली की कामाची घाई आणि घाईपाठोपाठ मरणे. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी मोबाइलवरचा पहिला कॉल झाला. आज देशात आठ लाखांवर टॉवर आहेत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सुरू झाले आणि जुन्या टॉवरवर नवे अँटेना चढवायला पुन्हा हीच पोरे वर गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या तक्त्यात ‘उंचावरून पडून’ असा एक रकाना आहे. त्यात गच्चीवरून पडलेला, आंब्यावरून पडलेला आणि टॉवरवरून पडलेला सगळे एकत्र बसतात. अमेरिकेत निदान मोजले म्हणून विचारता आले.

एक युक्तिवाद फार ऐकतो. आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढतात, गोव्यातला पाडेली कुठे हार्नेस घालतो? पाडेली खोडाला मिठी मारून चढतो, नारळ पाडतो आणि उतरतो. टॉवरवरचा गडी दोन्ही हातांत पाने घेऊन, वजनदार अँटेना दोराने ओढून घेत, तीन-तीन तास अँगलवर उभा असतो. आणि पाडेली पडत नाहीत हे सांगितले कोणी? नारळ विकास मंडळाला माडावर चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजना काढावी लागली, ती काय हौस म्हणून? त्यातून आमच्या जांबोटी-चोर्ल्याकडच्या पावसात अँगल शेवाळतात, आणि टॉवरवर आग्या मोहोळ बसलेले असते. माश्या उठल्या की हुक बदलण्याचे भान कोणाला राहील?

पडणे अडले तरी गोष्ट संपत नाही, हे तर कोणी सांगतच नाही. हार्नेसमध्ये निश्चल लोंबणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साकळते. काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते, आणि उशीर झाला तर जीवही जातो. म्हणून बरोबर दुसरा चढणारा हवा, उतरवण्याचा दोर हवा, आणि तो वापरायची सवय हवी. अग्निशामक दलाची गाडी गावातून डोंगरावर येईपर्यंत थांबणे ही योजना म्हणता येत नाही. आमच्याकडे खाली असतो तो बहुधा गाडीचा चालक.

आता कायद्याकडे येतो. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने वायरलेस, रेडिओ, टेलिफोन आणि मनोरे ही कामे नाव घेऊन आपल्या कक्षेत आणली होती. अट दहा कामगारांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२०च्या सुरक्षा संहितेने घेतली. तिथेही सर्वसाधारण अट दहाचीच. ठेकेदारीच्या नियमांसाठी पूर्वी वीस माणसे लागत, आता पन्नास. टॉवरवर जाणारी टोळी असते तीन-चार जणांची. साखळीची शेवटची कडी इतकी बारीक ठेवायची की कायद्याच्या चाळणीतून ती अलगद खाली पडावी. ही हातचलाखी ज्याने शोधली तो बुद्धिमान खराच.

पण एक गोष्ट या चाळणीतून सुटलेली नाही, आणि ती दुभाषी भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक असावी म्हणून हा सारा प्रपंच. भरपाईचा १९२३चा कायदा घ्या, नाही तर आता त्याच्या जागी आलेली २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता घ्या. सुरक्षेचे साधन मुद्दाम वापरले नाही, ही सबब मालकाला किरकोळ दुखापतीत मांडता येते. कामावरच्या अपघातात मृत्यू आला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर ती सबब चालत नाही. म्हणजे ज्या वाक्यावर आपण पान उलटतो, त्या वाक्याला मृत्यूच्या दाव्यात काडीची किंमत नाही.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या अशाच एका घरी मी भेटायला गेलो होतो. बापाने दोन लाखांवर अंगठा दिला होता. कागद इंग्रजीत. मी विचारले तर म्हणाला, “आमच्याच पोराची चूक म्हटल्यावर आम्ही काय बोलणार सायेब?” त्या कागदाचेही ऐका. मृत्यूची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी आणून दिलेली रक्कम कायद्याच्या लेखी भरपाईच नव्हे. आणि रक्कम किती? केंद्राने २०२०च्या जानेवारीत महिन्याच्या वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरवली होती. तेवढा पगार धरून पंचविशीतल्या मुलाचा हिशेब सव्वासोळा लाखांवर जातो. ईएसआयखाली असलेल्या कामगाराची वाट वेगळी, तिथे वारसांना पेन्शन मिळते. पण या टोळ्यांत ईएसआयचे कार्ड कितीजणांकडे असते?

सीमाभागातली अडचण आणखी एक. पोरगा खानापूरचा, ठेकेदार हुबळीचा, टॉवर सत्तरीत किंवा चंदगडात, कंपनीचे कार्यालय आणखी कुठे. मग घरच्यांना सांगतात, गोव्यात जा, तिकडे अर्ज करा. जायची गरज नाही. १९९५च्या दुरुस्तीपासून वारस जिथे राहतात तिथल्या अधिकाऱ्याकडेही दावा लावता येतो, आणि नव्या संहितेतही ती सोय आहे. काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल तर ठेकेदाराकडे बोट दाखवून कंपनीला सुटता येत नाही. तिने आधी द्यावे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावे.

हे सगळे आपल्या माणसाला कळत का नाही? पाटीवर कोणती लिपी वर आणि किती टक्के, यासाठी आपण दोन्ही बाजूंनी मोर्चे काढतो. काढावेत, मीही त्यांत चाललो आहे. पण टॉवरच्या फाटकावरचे सूचनापत्र आणि हार्नेसच्या पिशवीतले माहितीपत्रक मी पाहिले तिथे इंग्रजीत होते. चढणारा वाचतो मराठी किंवा कन्नड. दोन हुकांचा नियम दोन्ही भाषांत ठळक अक्षरांत फाटकावर लावा, अशी मागणी घेऊन ना आमची संघटना कधी गेली ना त्यांची. या एका पाटीवरून भांडण होण्याचेही कारण नव्हते.

आणि ज्यांच्या घरावर हा प्रसंग येईल त्यांनी पंचनाम्यात पट्टा लिहून घेण्याचा आग्रह धरावा. झटका शोषणारी पट्टी उसवलेली असेल तर पोरगा अडकलेला होता आणि दोष साधनाचा किंवा जागेचा. ती शाबूत असेल तर दोर किती होते आणि अडकवायला वर काय होते, ते विचारा. शिवणीजवळच्या कापडी पट्टीवर बनवल्याची तारीख आणि आयएस ३५२१ हा मानकाचा क्रमांक आहे का पाहा. उन्हाने पट्टा विटला आहे का, बॅटरीच्या ॲसिडचे डाग आहेत का, तेही पाहा. नायलॉन ॲसिडने कुजते. एकदा झटका घेतलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. वर सांगितलेल्या घरच्या प्रसंगात पट्टा पंचनाम्यात नव्हताच. तो ठेकेदाराच्या जीपमधून संध्याकाळीच परत गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याच टोळीतल्या दुसऱ्या पोराच्या अंगावर होता.