पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढावं का?

बाइक ‘रेसर’ दिसावी, चेन साफ करणं सोपं जावं म्हणून काही जण इंजिनाशेजारचं स्प्रॉकेट कव्हर काढून टाकतात. दोन-तीन बोल्ट खोलले की काम झालं. पण धोका तिथूनच सुरू होतो. बहुतेक बाइक्समध्ये गिअर बदलणारा पाय याच बाजूला असतो. बुटाची नाडी किंवा रेनकोटचं टोक फिरत्या चेनमध्ये गेलं, तर सावरायला वेळच मिळत नाही. खडे-चिखलही थेट दात्यांवर येतात. काही बाइक्समध्ये तर क्लच दाबणारी यंत्रणाच या कव्हरला जोडलेली असते.

आत चिकट गाळ साचतो, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय सफाईचा. इंजिन बंद करून कव्हर उघडा, गाळ खरवडा, दाते झिजलेत का ते पाहा आणि कव्हर पुन्हा घट्ट बसवा.