चाकं बाहेर, फ्लेअर वर. पण दंड कोणाच्या नावावर?

नाशिक : पावसाळा लागला की इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यांवर उंच केलेल्या थार आणि जुन्या जीपगाड्या दिसायला लागतात. चाकं रुंद, गाडी दोन-तीन इंच वर आणि चाकावरच्या कमानीला काळी जाड प्लास्टिकची पट्टी. गॅरेजवाले तिला फेंडर फ्लेअर म्हणतात. 2020 मध्ये आलेली नवी थार तर आपल्याच नाशिकच्या कारखान्यात तयार होते. त्यामुळे या गाडीचं वेड इथं जरा जास्तच.

प्रश्न हौसेचा नाही. गाडी ज्याच्या नावावर आहे, त्याला हा बदल नेमका कितीला पडतो, हा प्रश्न आहे.

आधी फ्लेअरचं काम समजून घेऊ. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकावर मोठं मडगार्ड का असतं? चिखल आणि खडे उडू नयेत म्हणून. जीपचंही तेच. रुंद टायर आणि बाहेर निघालेली रिम बसवली की चाक बॉडीच्या बाहेर येतं. मग मागून दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर खडी उडते. फ्लेअर ती अडवतो. म्हणजे फ्लेअर ही नुसती शोभा नाही, रुंद चाकाने तयार केलेल्या अडचणीवरचा तो इलाज आहे. जर्मनीत तर चाक कमानीबाहेर आलं की ते झाकावंच लागतं आणि असा बदल तपासून कागदावर नोंदवून घ्यावा लागतो.

पण फ्लेअर बाकीचं काही दुरुस्त करत नाही. हिशोब बघा. थारच्या वरच्या मॉडेलला 255/65 आर 18 टायर येतो. त्याजागी 285/70 आर 17 टाकला, तर चाकाचा व्यास सुमारे 42 मिलिमीटरने वाढतो. मीटरवर 80 दिसतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात 84 च्या आसपास पळत असते. वर लिफ्ट किट टाकलं की गाडीचा तोल उंचावतो, घाटाच्या वळणावर ती जास्त कलते. फ्लेअर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर आले, तर गाडी चार इंच रुंद झाली. गावच्या अरुंद फरशी पुलावर समोरून बैलगाडी आली की हे चार इंच कळतात.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल, अशा मोजक्या सवलती आहेत. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच बाजू पक्की केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182-अ आलं. नियमाबाहेरचा बदल केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. लिफ्ट वेगळी, टायर वेगळे.

आणि दुसरा शब्द ‘मालक’. गाडी वडिलांच्या नावावर आणि हौस पोराची असेल, तरी कागदावर नाव वडिलांचंच. वाहन बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी याच कलमात गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. पण गल्लीतला फिटिंगवाला ‘गिऱ्हाईकाने सांगितलं म्हणून केलं’ म्हणून मोकळा होतो. शिवाय विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल, तर अपघातानंतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. तेव्हा पाच हजाराचा दंड किरकोळ वाटेल.

डबवालीकडून तयार मॉडिफाय जीप आणणाऱ्यांनी तर आधी आरसीवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडी जुळवून बघावी. मगच पैसे मोजावेत.

कंपनीने आपल्या गाडीसाठी दिलेल्या साइजचेच टायर ठेवून फक्त चिखल अडवायला पट्टी लावायची असेल, तरी काम नीट करा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि एक चाक दगडावर चढवून टायर कुठं घासतो का ते बघा. ड्रिल मारण्याआधी आत वायरिंग किंवा टाकीची नळी नाही ना, याची खात्री करा. भोकाच्या कडा घासून प्रायमर लावा, मध्ये रबर पट्टी द्या आणि न गंजणारे नट वापरा. नुसत्या चिकटपट्टीवर बसवलेला फ्लेअर पहिल्याच भातखाचरात राहतो. उघड्या पत्र्याला इगतपुरीच्या पावसात एका हंगामात गंज धरतो.

जबाबदारी एकट्या मालकाची नाही. नाशिक आणि मालेगावच्या परिवहन कार्यालयांची शिबिरं तालुक्यांत होतात. काय चालतं, काय चालत नाही, याचा साध्या मराठीतला एक फलक तिथं लावायला फार खर्च येत नाही. कारवाई करताना फिटिंगच्या दुकानांकडेही बघायला हवं. नाहीतर दुकान चालू राहील, पावती मात्र शेतकऱ्याच्या नावाने फाटेल.

तोवर एवढंच करा. रिमची ऑर्डर देण्याआधी आरसी बुक आणि विम्याचा कागद काढून वाचा. फ्लेअर चिखल झाकतो, बेकायदा बदल झाकत नाही.