शब्द आधीं कीं अक्षर आधीं?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. पांच वर्षांच्या नातवानें चित्रांच्या पुस्तकांतील ‘गाढव’ हा शब्द मोठ्या ऐटीनें ‘घोडा’ असा वाचला. आम्ही म्हणालों, “यास अक्षरओळख नाहीं, हा चित्र पाहून ठोकून देतो.” सूनबाई म्हणाली, “मामंजी, आतां शब्दच्या शब्द ओळखायला शिकवतात. अक्षरें मागाहून येतात.” ज्यानें जन्मभर बाराखडी घोकून घेतली त्यास हें रुचणें कठीण. परंतु थोडें वाचून पाहतां, हा वाद आमच्या माजघरापुरता नसून शास्त्रज्ञांमध्यें शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे, असें आढळलें.

त्याचें मूळ जर्मनींतील लाइप्झिग येथें आहे. वुंट या आचार्यांच्या प्रयोगशाळेंत जेम्स मॅकीन कॅटेल नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें १८८६ च्या सुमारास असें दाखविलें कीं, निमिषमात्र दिसलेलीं सुटीं अक्षरें तीन-चारच सांगतां येतात. पण अक्षरें शब्दांत गुंफलेलीं असलीं म्हणजे त्यांहून पुष्कळ अधिक ध्यानांत राहतात. तेव्हां मनुष्य अख्खा शब्द त्याच्या आकृतीवरूनच ओळखतो, असें अनेकांनीं मानलें. १९६७ सालीं केनेथ गुडमन यांनीं तर वाचन हा एक अंदाजाचा खेळ आहे, असें प्रतिपादिलें. आमच्या नातवाचे खरे गुरु हेच!

यावर शंका अशी कीं, वाचक अर्धीच अक्षरें पाहून बाकीचीं तर्कानें भरीत नसेल कशावरून? १९६९ त रायशर यांनीं ही पळवाट बंद केली. त्यांचा प्रयोग इंग्रजींत होता; त्याची रीत आपल्या भाषेंत सांगतों. ‘नगर’ हा शब्द क्षणभर दाखवून पुसून टाकावा आणि विचारावें, शेवटीं ‘र’ होता कीं ‘द’? ‘नगर’ आणि ‘नगद’ हे दोन्ही शब्द असल्यानें तर्क निरुपयोगी. तरीही एकटें दाखविलेलें अक्षर जितकें ओळखूं येतें, त्याहून शब्दांतलें अधिक अचूक ओळखूं येतें! अवयवी अवयवांस साह्य करतो, हें नैयायिकांस सांगण्याजोगें आहे. १९८१ त मॅक्लेलंड व रुमेलहार्ट यांनीं त्याची उपपत्ति लाविली: सर्व अक्षरें एकदमच ग्रहण होतात, तीं शब्दास जागें करतात, आणि जागा झालेला शब्द उलट अक्षरांस बळ देतो.

म्हणजे सूनबाईचा जय झाला काय? नाहीं. २००३ त पेली व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, अक्षरें इतकीं पुसट केलीं कीं एकेक वेगळें ओळखूं येईना, तर कितीही परिचयाचा शब्द असो, तो वाचतां येत नाहीं. अमेरिकेंत नेमलेल्या वाचनविषयक मंडळानेंही २००० सालीं अक्षर व ध्वनि यांचा संबंध क्रमवार शिकविण्याच्या बाजूनेंच कौल दिला.

येथवर आम्ही मनांतून सुखावलों होतों. मग आमच्याच लिपीनें आम्हांस अडविलें. ‘दिवस’ लिहितांना पहिली वेलांटी ‘द’ च्या आधीं येते आणि उच्चारांत मागाहून. डावीकडून एकेक खूण उचलीत गेलें तर हा शब्द वाचतांच येणार नाहीं. खुणा एकत्र घ्याव्याच लागतात.

आणि एक मुलगा आठवला. धडा उघडतांच तो ओळीच्या ओळी घडघडा म्हणे. पाठ करून आला आहेस, असें म्हणून आम्हीं त्यास वर्गापुढें उभें केलें आणि “द ला पहिली वेलांटी दि” असें प्रत्येक अक्षर फोडून म्हणावयास लाविलें. तो अडखळला, वर्ग हंसला, आणि आम्ही आपला संशय खरा ठरला असें समजलों. पुढें त्यानें वर्गांत आपणहून कधीं वाचलें नाहीं. तो खरोखरच वाचीत होता, हें आज कळतें. सांगावयास तो कोठें आहे हें ठाऊक नाहीं.

सूनबाईशीं तह असा ठरला: नवा शब्द आला कीं चित्रावर हात ठेवावयाचा, पण एकदां वाचलेला शब्द पुन्हां फोडावयास लावावयाचा नाहीं. परवां नातवानें ओठ हलवीत हलवीत ‘गाढव’ वाचलें, आमचा हात बाजूला सारला आणि चित्राकडे निरखून विचारलें, “आजोबा, मग घोडा कुठें गेला?”