जावक भरलं, पोच कुठे आहे?

बँकेत असताना माझ्या टेबलाच्या एका हाताला आवक नोंदवही असे, दुसऱ्या हाताला जावक. वरून परिपत्रक आलं, की शिपाई ते टेबलाटेबलांवरून फिरवी, प्रत्येक जण कोपऱ्यात सही करी आणि कागद फायलीत जाई. तीस-पस्तीस वर्षांत अशा किती सह्या केल्या, याचा हिशेब नाही. त्यांतली निम्मी परिपत्रकंही मी धड समजून घेतली नव्हती, हे आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही. पण ‘सर्वांना अवगत केले आहे’ असं वर लिहून पाठवायला ती सही पुरत असे.

हे आज आठवायला कारण आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरलं, माणसं दगावली. कोणतंही संकट येऊन गेलं, की बहुधा दोन वाक्यं ऐकू येतात. कार्यालय म्हणतं, ‘आम्ही कळवलं होतं.’ लोक म्हणतात, ‘आम्हाला कळलं नव्हतं.’ दोघंही खरं बोलत असतात, असं क्षणभर धरून चालू. मग मधल्या मध्ये हरवतं काय?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत संवादाची एक आकृती हमखास असते : सांगणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा. तिचं मूळ क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाच्या १९४८च्या लेखात आहे. ते टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि तारेतून संदेश बिनचूक कसा जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. संदेशाचा अर्थ त्यांनी मुद्दामच बाजूला ठेवला होता. पुढे १९५४मध्ये विल्बर श्रॅम यांनी त्या सरळ रेघेचं वर्तुळ केलं : ऐकणाऱ्याकडून काहीतरी परत आलं, तरच तो संवाद. प्रशिक्षणात या दोन्ही आकृत्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांतला फरक मात्र मला समजला तो लातूर जिल्ह्यात.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट आमच्या पिढीतलं कोणी विसरणार नाही. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद यांनीच अनेकांचा जीव घेतला. काही गावं दुसरीकडे नव्यानं वसवली गेली. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरं जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची, अशीही पुष्कळ गावं होती. भिंतीत आरपार दगड कुठे घालायचा, माळवदाचं ओझं किती उतरवायचं, हे घरमालकाला समजलं नाही, तर पुढचा धक्का तेच घर पुन्हा त्याच्या अंगावर घालणार. म्हणून गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आलं. अभियंता आणि गावकरी यांच्या मधली ती दुवा. संवाद हेच ज्याचं काम आणि तेच ज्याचं नाव, असं पद मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्या काळात मी जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. अनुदानाचे हप्ते खात्यात जमा होत. मी फलकावर सूचना लावली, ‘कामाच्या टप्प्याचे प्रमाणपत्र सादर केल्याखेरीज पुढील हप्ता अदा केला जाणार नाही.’ माझ्या दृष्टीनं काम संपलं. तरी रोज माणसं रोजगार बुडवून यायची आणि हात हलवत परत जायची. एकदा मी वैतागून म्हणालो, ‘‘अहो, तिथं स्पष्ट लिहिलंय ना!’’ तेव्हा रांगेतली एक संवाद सहायक बाई शांतपणे म्हणाली, ‘‘सायेब, तुमी भिताडाला सांगितलंव. आमाला कुठं सांगितलंव?’’

मग तिनं जवळच्या म्हाताऱ्या बाबांना सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाली, ‘‘बाबा, आता तुमी मला सांगा बरं, आधी काय करायचं?’’ बाबांनी उलटंच सांगितलं. ती रागावली नाही. ‘‘माझंच सांगायचं चुकलं,’’ म्हणत तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या वेळी बाबांनी बरोबर सांगितलं. मला वाटतं, प्रभावी संवादाचं सगळं शास्त्र त्या पाच मिनिटांत होतं.

आपण विचारतो, ‘समजलं का?’ साहेबानं विचारलेल्या या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘हो साहेब.’ ‘नाही समजलं’ म्हणणं म्हणजे स्वतःची अक्कल काढून घेणं. त्या बाईनं विचारलं, ‘काय समजलं?’ आणि चूक निघाली ती स्वतःकडे घेतली. त्यामुळे बाबांची भीती गेली. जिथे चुकीचं उत्तर देण्याची भीती असते, तिथे खालून वर फक्त चांगल्या बातम्या जातात. वाईट बातमी जाते ती थेट पंचनाम्यातूनच.

३ फेब्रुवारी २०२५च्या शासन निर्णयानं सरकारी कार्यालयांत मराठीतून बोलणं बंधनकारक केलं. ते योग्यच झालं. परंतु माझी ती फलकावरची सूचना मराठीतच होती, हे मी विसरू शकत नाही. भाषा आपली असली, तरी ती समोरच्याशी बोलली गेली पाहिजे. आज फलकाची जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपनं घेतली आहे. साहेब रात्री आदेश टाकतात, खाली अंगठे उमटतात, दोन निळ्या खुणा दिसतात. आमची कोपऱ्यातली सही आणि हा अंगठा यांत मला काही फरक दिसत नाही.

कार्यालयात ‘पोच’ म्हणजे कागदावरचा शिक्का. तो कागद पोचल्याचा पुरावा. अर्थ पोचल्याचा नव्हे. ती पोच माणसाच्या तोंडून, त्याच्याच शब्दांत घ्यावी लागते. कार्यालयातच कशाला, आपल्या घरातही. उद्या मुलाला किंवा सुनेला काही सांगाल, तेव्हा ‘कळलं ना?’ असं विचारू नका. ती बाई थांबली होती तसं जरा थांबा आणि ऐका.