किनाऱ्याचा आराखडा आणि घरातले वडीलधारे

वाचकहो, यवतमाळहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; मग आरोग्याच्या या सदरात किनाऱ्याची चर्चा कशासाठी, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जून उजाडला की माझ्या दवाखान्यात औषधांची पिशवी घेऊन ज्येष्ठ मंडळी येऊ लागतात. "मुलाकडे मुंबईला निघालो आहोत, तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून द्या," अशी त्यांची मागणी असते. कुणाचे चिरंजीव ठाण्याला, कुणाची कन्या नवी मुंबईत. म्हणजे समुद्र आपल्या जिल्ह्यात नसला तरी आपल्या कुटुंबात आला आहे.

२६ जुलै २००५ आणि त्यानंतरची सकाळ मिळून चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या जिल्ह्यात साधारण वर्षभरात पडतो, तेवढा पाऊस तेथे एका दिवसात कोसळला. मात्र दोष केवळ आभाळाला देता येत नाही. भराव आणि अतिक्रमणे यांमुळे मिठी नदीचे पात्र आक्रसले होते. शहरातील पर्जन्यवाहिन्यांची क्षमता जुन्या काळची, ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाची होती. त्यातच भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाढते आणि वाहिन्यांतील पाणी बाहेर पडण्याऐवजी तुंबते. म्हणूनच साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की मुंबईत सावधगिरीचा इशारा दिला जातो. तापमानवाढीमुळे समुद्राची पातळी हळूहळू चढत असताना ही अडचण वाढतच जाणार आहे.

यावर निसर्गाचा एक उपाय आहे, तो म्हणजे कांदळवन. तिवरासारखी झाडे आपल्या मुळांच्या जाळ्याने गाळ धरून ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवली आणि २०१८ मध्ये त्यांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचा निर्वाळा दिला. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, तर मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. वैद्य म्हणून माझी अपेक्षा एवढीच, की किनारा सावरण्याच्या प्रत्येक नियोजनात भिंती, पंप आणि झाडे यांच्या जोडीला सत्तरी ओलांडलेल्या देहाचाही विचार व्हावा.

तो का, ते पाहा. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तुंबलेल्या पाण्यातून चालताना झालेली जखम कळतही नाही. त्याच पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असले, तर जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. वीज गेली की उद्वाहन बंद पडते आणि सातव्या मजल्यावरचा रुग्ण डायलिसिसला पोहोचू शकत नाही. निवारा केंद्रात शौचालयासमोर रांग असते, म्हणून कित्येक ज्येष्ठ पाणी पिणे कमी करतात आणि लघवीची गोळी परस्पर बंद करतात. ज्यांचे हृदय आधीच दुर्बळ आहे, त्यांच्या पायांवर दोन-चार दिवसांत सूज येते आणि दम लागू लागतो. यांतील एकही गोष्ट केवळ पंपांची संख्या वाढवून सुटणारी नाही. तिच्यासाठी उतरण असलेला निवारा, बसण्याजोगे शौचालय, जनित्र आणि एकट्या व अंथरुणाला खिळलेल्या नागरिकांची प्रभागवार यादी हवी.

आराखडा कागदावर येईपर्यंत घरचे नियोजन आपल्या हाती आहे. पावसाळ्यात किनारी शहरात राहणार असाल, तर पुढील गोष्टी अवश्य पाळा.

किमान दोन आठवड्यांची औषधे आणि चिठ्ठीची प्रत जलरोधक पिशवीत ठेवा.

वापरात असलेली इन्सुलिनची कुपी सामान्यतः चार आठवड्यांपर्यंत फ्रिजबाहेर, थंड व सावलीच्या जागी राहू शकते. वीज गेली म्हणून डोस चुकवू नका. न उघडलेल्या कुप्या मात्र थंडच हव्यात. आपल्या इन्सुलिनची मुदत वेष्टनावर तपासून घ्या.

मोठ्या भरतीच्या तारखा महानगरपालिका आधीच जाहीर करते. त्या दिनदर्शिकेवर लिहा आणि तपासणीसाठी दुसरा दिवस निवडा.

पुराच्या पाण्यातून चालावे लागलेच, तर पाय साबणाने धुऊन, कोरडे करून, तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणाकडून तरी पाहून घ्या. जखम नसली तरी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या. पुढील महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि बचावासाठी हवाई दलाचे साहाय्य मागावे लागले. पैनगंगा आणि वर्धा यांचे काठ हेच आपले किनारे आहेत.

राज्याच्या १९६६च्या नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. निवृत्त मंडळींपाशी वेळ आहे, अनुभव आहे आणि जुन्या नाल्यांची, ओढ्यांची आठवण आहे. पाणी पूर्वी कोणत्या वाटेने जात असे, हे नातवंडांच्या पिढीला ठाऊक नाही, आपणांस आहे. ते लिहून द्या. पुढच्या पुरात कुणाचे तरी घर त्यामुळे कोरडे राहू शकेल.