रिस्टोअर करून दाखवा, मग पावती फाडा

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती संगणकांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण त्यासाठी नाव नोंदवावे लागते आणि त्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. त्यामुळे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत आपल्या सगळ्यांच्या टेबलावर सध्या एकच काम येऊन पडते आहे: विंडोज ११ टाकून द्या. हे काम आपली माणसे चांगले करतात. बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू करणे, एमबीआरची डिस्क डेटा न घालवता जीपीटी करणे, जुन्या प्रिंटरला ड्रायव्हर शोधून देणे, यात शिकवण्यासारखे फार उरलेले नाही.

माझे म्हणणे त्याच्या पुढच्या अर्ध्या तासाबद्दल आहे. डेस्कटॉप आला, प्रिंट निघाली, टॅली उघडली की काम संपले असे आपण धरतो. बॅकअप चालू आहे का, हे त्या दिवशी कुणी बघत नाही. अपग्रेडनंतर तो बंद पडला तरी गिऱ्हाइकाचे काही अडत नाही, म्हणून फोनही येत नाही. फोन येतो तो हार्ड डिस्क गेल्यावर, आणि तेव्हा पहिला प्रश्न असतो, "विंडोज तुम्हीच टाकलं होतं ना?" प्रश्न रास्त आहे.

मोंढ्यातले एखादे अडत दुकान डोळ्यांपुढे आणा. हळदीची आवक जोरात असते तेव्हा मुनीमजींना मान वर करायला सवड नसते. काटा झाला, हमाली-तोलाई वजा झाली, पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली. मुख्य नोंद टॅलीत होते. उचल, बारदाना, कुणाचे किती येणे याचा हिशेब एक्सेलच्या फायलींत, आणि त्या फायली डॉक्युमेंट्समध्ये. कधीतरी आपल्यापैकीच कुणीतरी डेस्कटॉपवर 'बॅकअप' नावाची बॅच फाइल करून दिलेली असते. आत रोबोकॉपीची एक ओळ, मिररच्या स्विचसह. संध्याकाळी दुकान वाढवताना मुनीमजी तिच्यावर डबल क्लिक करतात. काळी खिडकी येते, अक्षरे पळतात, खिडकी जाते.

आता अपग्रेडनंतर काय होते ते बघा. नव्या सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरले की वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप बऱ्याचदा आपोआप चालू होतो आणि डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरखाली सरकतात. एक्सप्लोररमध्ये सगळे पूर्वीसारखे दिसते, फायली उघडतात, नव्या साठवल्या जातात. डिस्कवरचा पत्ता मात्र बदललेला असतो आणि बॅच फाइलमध्ये जुनाच पत्ता असतो. जुना फोल्डर जागेवर रिकामा राहिला असेल, तर मिररच्या आदेशाचा अर्थ सरळ आहे: मूळ जागी जे नाही, ते बॅकअपमधूनही काढून टाक. मुनीमजी रोजच्यासारखे डबल क्लिक करतात आणि एक्स्टर्नल डिस्कवरचा कित्येक वर्षांचा हिशेब त्या एका ओळीने पुसला जातो. खिडकी नेहमीपेक्षा लवकर बंद झाली, एवढाच काय तो फरक दिसतो. वनड्राइव्हमध्ये प्रत असेल म्हणावे, तर तिथली फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की पुढचे काही वर जात नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह हा आहे. अपग्रेडच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या प्रत्येक बॅच फाइलमधला मिररचा स्विच काढा. तारखेच्या नावाने वेगळा फोल्डर होईल असे करा आणि मूळ फोल्डर रिकामा किंवा गायब असेल तर कॉपी सुरूच होऊ नये, अशी अट पहिल्या ओळीत घाला. डिस्क जास्त लागेल. लागू द्या. फोल्डरचा पत्ता बदलल्याने घात होणे नवे नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने, डॉक्युमेंट्स दुसरीकडे वळवलेल्या काही लोकांच्या जुन्या जागी राहिलेल्या फायली पुसल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांत थांबवावे लागले होते.

हे आपल्यासारख्या लहान गावांतच होते असेही समजू नका. जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री चालू डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला. बॅकअपच्या एकापेक्षा जास्त सोयी होत्या, पण वेळेला त्या उपयोगी पडल्या नाहीत. त्यातली एक का पडली नाही, हे आपल्या कामाचे आहे: डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर गेला होता आणि बॅकअप काढणारे साधन ९.२ चेच चालत होते. ते रोज अपयशी होत होते. अपयशाचे ईमेलही निघत होते, पण समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी एका इंजिनियरने सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. अपग्रेड झाले, बॅकअपचे साधन मागे राहिले आणि खबर कुणापर्यंत पोचली नाही. आपल्या सेवा केंद्रांत, पतसंस्थांत होते ते याच जातीचे.

दुसरी नेहमीची तक्रार शेअर केलेल्या फोल्डरची. लहान कार्यालयात वेगळा सर्व्हर नसतो. कोपऱ्यातला जुना विंडोज ७ चा संगणक हाच बॅकअप ठेवण्याची जागा. त्यावर फोल्डर शेअर, 'एव्हरीवन'ला पूर्ण परवानगी, पासवर्डची विचारणा बंद. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणक अशा बिनपासवर्डी पाहुण्या खात्याने दुसरीकडे शिरत नाही आणि एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही मागतो. बॅकअप तिथेच अडतो. यावर रजिस्ट्रीत एक किंमत बदलून पाहुण्याला पुन्हा आत घेण्याचा उपाय सध्या हातोहात फिरतो आहे. काही जण तर एसएमबी १ पुन्हा चालू करून देतात. कृपा करून हे करू नका. मे २०१७ चा वॉनाक्राय याच एसएमबी १ च्या भोकातून घुसला. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्याने तेच भोक वापरले आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम बंद पाडले. योग्य उपाय दहा मिनिटांचा आहे: जुन्या संगणकावर बॅकअपपुरते एक वेगळे खाते करा, त्याला पासवर्ड द्या, शेअरची परवानगी त्याच खात्याला द्या आणि नव्या संगणकाच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते नाव-पासवर्ड साठवा. समोरचे यंत्र सहीला तयारच नसेल, तर ते बॅकअप ठेवण्याच्या लायकीचे उरलेले नाही, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

नॉटपेट्याचाच एक धागा आपल्या भागाला जवळचा वाटेल. त्या टर्मिनलमागच्या मर्स्क कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर त्या हल्ल्यात पुसले गेले. वाचला तो घानामधल्या कार्यालयातला एकच, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि यंत्र नेटवर्कपासून तुटलेले होते. एक्स्टर्नल डिस्क बॅकअप झाल्यावर काढून कपाटात ठेवायला सांगतो त्याचे कारण हेच. आणि ते कपाट शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावे. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले. १० जुलै २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने अख्खा जिल्हा हलला. संगणक आणि त्याची प्रत एकाच टेबलावर ठेवण्याचे दिवस आपल्याकडेही गेले.

विजेवरून टास्क शेड्युलरकडे येऊ. रात्री दोनचा बॅकअप लावून दिलेला असतो, पण दुकान वाढवताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. शेड्युलरमध्ये 'वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालव' ही खूण मुळात केलेली नसते. ती करावी लागते. उलट 'विजेवर असेल तरच चालव' ही खूण मुळातच असते. यूपीएस यूएसबीने जोडलेला असेल, तर वीज गेल्यावर विंडोज त्याला बॅटरी समजते आणि काम सुरूच होत नाही. स्वच्छ विंडोज टाकले असेल तर जुनी शेड्युल केलेली कामे गेलेलीच असतात. झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला नेटवर्क फोल्डर सिस्टिम खात्याखाली चालणाऱ्या कामाला दिसत नाही, तिथे पूर्ण नेटवर्क पत्ताच द्यावा लागतो. सिस्टिम इमेज शॅडो कॉपीपाशी अडत असेल तर आधी छोट्या रिझर्व्ह्ड पार्टिशनमधली मोकळी जागा बघा. ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशनला किमान ५० एमबी मोकळे लागतात आणि अपग्रेडने नेमके तेच भरलेले असते.

तपासाचा क्रम मात्र चुकवू नका. प्रोग्राम काय म्हणतो ते नंतर. आधी बॅकअपच्या जागी जाऊन सर्वांत ताज्या फायलीची तारीख बघा. ती अपग्रेडच्या आधीची निघाली, तर कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी सगळा डेटा हाताने दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्क फॉरमॅट न करता नवे विंडोज टाकले असेल, तर जुने वापरकर्ता फोल्डर विंडोज डॉट ओल्डमध्ये असतात. तो फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप काढला जातो, म्हणून ते काम उद्यावर टाकू नका.

'काही झालेच तर डिस्क काढून दुसऱ्या सीपीयूला लावू' हा आपला ठेवणीतला उपायही आता भरवशाचा नाही. २४एच२ स्वच्छ टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरले, की बहुतेक नव्या संगणकांची डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद होते. दुसऱ्या यंत्राला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की असते त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खाते आपण घाईत, आपल्याच एखाद्या फालतू ईमेलवर उघडून दिलेले असते. पासवर्ड ना गिऱ्हाइकाला माहीत ना आपल्याला आठवत. खाते गिऱ्हाइकाच्याच मोबाइल नंबरवर उघडा, रिकव्हरी की छापा आणि त्याच्या तिजोरीत ठेवायला द्या.

छापखाने आणि डीटीपीवाल्यांचे दुखणे निराळे आहे, आणि मराठी तंत्रज्ञाने ते ओळखले नाही तर दुसरे कोण ओळखणार? श्रीलिपी, आकृती, आयएसएममध्ये वर्षानुवर्षे टाइप केलेले मजकूर, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, संस्थांचे अहवाल, हे सगळे बॅकअपमध्ये नीट असते. रिस्टोअर केले की उघडतेही. वाचता मात्र येत नाही, कारण फॉन्ट बॅकअपमध्ये कुणी घेतलेलेच नसतात. ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. विंडोज १० च्या १८०९ पासून तर डबल क्लिकने बसवलेला फॉन्ट मुळात त्या वापरकर्त्यापुरता, ॲपडेटाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. दोन्ही जागा बघा. डोंगलचा जुना ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही आणि विंडोज ११ मध्ये ३२ बिट आवृत्तीच नाही. डॉसच्या काळातले फॉक्सप्रोचे हिशेब अजून चालवणाऱ्या दुकानांचीही हीच अडचण. तिथे जुनी डिस्क पुसू नका. तिची पूर्ण इमेज काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते का ते पाहा, महत्त्वाचे मजकूर युनिकोडमध्ये वळवून घ्या, निदान पीडीएफ तरी करून ठेवा.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे मागायला आपण लाजतो. विंडोज टाकण्याचा दर बाजारात ठरून गेला आहे, त्यात ही तपासणी फुकट बसवली की ती होत नाही. म्हणून पावतीवर वेगळी ओळ लिहायला सुरुवात करा: बॅकअप तपासणी व रिस्टोअर चाचणी, इतके रुपये. चाचणी गिऱ्हाइकासमोर करा. त्यालाच एक फाइल निवडू द्या, बॅकअपमधून ती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, उघडा, मराठी अक्षरे वाचून घ्या, टॅलीची कंपनी दुसऱ्या जागी रिस्टोअर करून शेवटची नोंद जुळवा. पंधरा दिवसांनी तारखा बघायला पुन्हा एक चक्कर मारा, तीही त्याच रकमेत धरा. काही जण नको म्हणतील. त्यांच्या पावतीवर 'बॅकअप तपासलेला नाही' असे ठळक लिहा, सही घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. सही करताना बरेच जण थांबतात आणि विचारतात, किती वेळ लागेल म्हणता?