पडल्यावर लगेच उठू नये

सायकल म्हटली की दुधाच्या किटल्या, शाळेचे दप्तर किंवा पहाटे पेपर टाकणारा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर येतो. जिवावर बेतणारे वाहन म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मीही सायकल चालवायला सांगत असतोच. परंतु दरवर्षी जुलै महिन्यात फ्रान्समध्ये 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू झाली की मी पडद्यासमोरून उठत नाही, आणि हाडांचा डॉक्टर असल्यामुळे दर दहा मिनिटांनी माझ्या छातीत धस्स होते.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून १९०३ साली ती सुरू झाली. (वर्तमानपत्रवाले पूर्वीपासूनच असे!) आज तीन आठवड्यांत २१ टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर आणि मध्ये विश्रांतीचे फक्त दोन दिवस. म्हणजे रोज साधारण मुंबई ते पुणे, आणि तेही आल्प्स व पिरेनीज पर्वतांचे घाट ओलांडत. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांत वेगाने चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, तसा तिथेही डोंगरांचा राजा असतो. तो लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा घालतो. डोंगरातल्या एखाद्या दिवशी एकेक स्वार सहा हजारांहून अधिक कॅलरी खर्च करतो. बैठे काम करणाऱ्या माणसाला तेवढ्या सुमारे तीन दिवस पुरतात.

या खेळाची गंमत आहे ती वाऱ्यात. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या अगदी मागे राहिले तर हे कष्ट एक चतुर्थांश ते एक तृतीयांश वाचतात, दाट घोळक्याच्या मधोमध त्याहूनही अधिक. म्हणून दीडशे-पावणेदोनशे स्वार एकमेकांना चिकटून, एकाच मोठ्या प्राण्यासारखे धावतात. कोणी पुढे पळायचे, कोणी वारा खायचा, कोणी शेवटच्या दोनशे मीटरसाठी दम राखून ठेवायचा, हे सारे बुद्धिबळच आहे.

पण जी जवळीक कष्ट वाचवते तीच घात करते. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक नुसते टेकले तरी माणूस कोसळतो, आणि त्याच्यावर मागचे वीस-तीस. २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी एका प्रेक्षक बाईने कॅमेऱ्याकडे पाहत एक फलक रस्त्यात पुढे धरला. एक स्वार त्याला धडकला आणि निम्मा जथा रस्त्यावर आडवा झाला. अशा वेळी सर्वांत अधिक मोडते ते खांद्याजवळचे 'कॉलर बोन'. हात टेकून किंवा खांद्यावर पडल्यावर सारा धक्का त्या बारीक हाडावर येतो. ते जुळते, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती उतारांची. चढताना माणूस दमतो, उतरताना मरतो. पावणेसात किलोची सायकल, दोन बोटे रुंदीची चाके, अंगावर बनियनएवढे पातळ कापड आणि वेग ताशी ८०-९० किलोमीटर. १८ जुलै १९९५ रोजी पिरेनीजमधल्या एका उतारावर फाबियो कासार्तेल्ली हा इटलीचा तरुण पडला आणि रस्त्याकडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर त्याचे डोके आपटले. बार्सिलोना ऑलिंपिकचा हा सुवर्णपदक विजेता अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते.

ते का नव्हते, हे ऐकण्यासारखे आहे. त्याच्या चार वर्षे आधी, १९९१ साली, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेटसक्ती आणली होती. विरोध केला तो स्वारांनीच. त्यांनी संप केला आणि संघटनेने माघार घेतली. उकडते, वजन होते, डोके आमचे आहे, आमचे आम्ही पाहू, अशी त्यांची बाजू. पुण्यातली हेल्मेटविरोधी भाषणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ही ओळखीची वाटेल. पुढे मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा कझाकस्तानचा खेळाडू हेल्मेटविना पडून दगावला, तेव्हा कुठे त्याच वर्षी सक्ती झाली आणि टिकली. मधली बारा वर्षे वाया गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. आता तिथे उघड्या डोक्याने कोणी धावत नाही आणि उकडल्याची तक्रारही कानावर येत नाही.

तरीही हेल्मेट म्हणजे कवचकुंडले नव्हेत. युरोपात सायकलचे हेल्मेट तपासताना ते सुमारे दीड मीटर उंचीवरून आपटतात. तो आघात ताशी वीस किलोमीटरच्या आसपासचा असतो. रस्त्यावर कोसळताना डोके जमिनीवर साधारण तेवढ्याच उंचीवरून येते, म्हणून ते उपयोगी पडते. पण वेगात भिंत किंवा कठडा आडवा आला तर त्याचे बळ अपुरे पडते. २०११ मध्ये इटलीत वाउटर वेलांट आणि २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जिनो मेडर उतारावरच गेले, आणि तेव्हा सक्ती लागू होऊन अनेक वर्षे झाली होती.

(उत्तेजक द्रव्यांचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवतो. १९६७ साली माँ व्हाँतू पर्वतावर टॉम सिम्प्सन कोसळला, त्यात रणरणते ऊन आणि अँफेटॅमिनच्या गोळ्या दोन्हींचा हात होता. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.)

माझे खरे भांडण आहे ते पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांशी. २०२० च्या टूरमध्ये रोमें बार्दे हा फ्रेंच खेळाडू जोरात पडला. उठला, झोकांड्या खात पुन्हा खाली बसला, मग सायकलवर चढला आणि सुमारे नव्वद किलोमीटर डोंगरातून चालवत टप्पा पूर्ण करून आला. संध्याकाळी तपासणीत मेंदूत छोटासा रक्तस्राव आढळला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असतील. माझ्या अंगावर काटा आला.

मेंदू कवटीच्या आत पाण्यात ठेवलेल्या खरवसासारखा असतो. आघाताने तो हिंदकळतो, पिळवटतो. डोक्यावर खोक नसते, हाड मोडलेले नसते, पुष्कळदा सीटी स्कॅनही स्वच्छ येतो. तरीही विचारशक्ती, तोल आणि नजर काही काळ बिघडलेली असते. असा माणूस ताशी ऐंशीच्या वेगाने घाट उतरणार असेल, तर तो स्वतःला आणि शेजारच्या पन्नास जणांना धोक्यात घालतो.

क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी दुसरा घेता येतो. सायकल शर्यतीत बदली खेळाडू नाही, मध्यांतर नाही, आणि डॉक्टरने तपासायला दहा मिनिटे घेतली तर तेवढ्यात जथा सात-आठ किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून डॉक्टर चालत्या मोटारीतून हात बाहेर काढून मलमपट्टी करतो. २०२१ पासून मेंदूच्या हादऱ्यासाठी नियमावली आहे, आणि लक्षणे पूर्ण गेल्यावरही किमान आठवडाभर शर्यत नाही, असे ती सांगते. ती चांगलीच आहे. पण थांबणाऱ्याची वेळ जाते ती जातेच, मग थांबणार कोण?

उपाय त्यांच्या नियमांतच आहे. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला तर त्याला त्याच्या गटाचीच वेळ दिली जाते. हीच सवलत डोक्याच्या तपासणीसाठी कुठल्याही किलोमीटरला का देऊ नये? डॉक्टरने दहा मिनिटे घ्यावीत, पंचाने ती वजा करावीत. लोक खोटे आजारपण काढतील, असा आक्षेप येईल. काढतीलही दोन-चार. शाळेतली मुलेही पोटदुखीचे निमित्त काढतात, म्हणून आपण पोटदुखीवर औषध द्यायचे थांबवतो का?

हे सारे फ्रान्सपुरते असते तर मी या सदरात लिहिले नसते. आपल्याकडे सायकल किंवा मोटारसायकलवरून पडलेला माणूस सर्वांत आधी काय करतो? आजूबाजूला कोणी पाहिले का ते बघतो, कपडे झटकतो, 'काही झाले नाही' म्हणतो आणि किक मारतो. घरी येऊन चहा पितो, गप्पा मारतो. काही जखमांमध्ये मधले काही तास माणूस अगदी ठणठणीत दिसतो आणि कवटीच्या आत मात्र रक्त साचत असते. रात्री तो झोपतो. सकाळी तो उठत नाही, तेव्हा जीप शोधली जाते.

तेव्हा डोके आपटले असेल तर काही वेळ बसून राहावे, गाडी दुसऱ्याने चालवावी, आणि पहिले चोवीस तास घरात कोणीतरी सोबत असावे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, आकडी, एक बाहुली मोठी व एक लहान दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, हाक मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे.

मुलाला सायकल शर्यतीत घालावे का, असे मला पालक विचारतात. जरूर घालावे. फक्त आयोजकांना दोन गोष्टी आधी विचाराव्यात: रुग्णवाहिका शर्यतीच्या मागून धावणार की शेवटच्या रेषेपाशी उभी राहणार, आणि पडलेल्या मुलाला शर्यतीबाहेर काढण्याचा अधिकार डॉक्टरला आहे की नाही. हेल्मेट डोक्याच्या मापाचे घ्यावे, पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा. आणि ते एकदा जोरात आपटले असेल तर बाहेरून धड दिसले तरी फेकून द्यावे. आतला थर्माकोलचा थर एकदाच दबतो, दुसऱ्या वेळी तो कामाचा राहत नाही. धाकट्या भावाला तर ते मुळीच देऊ नये.